थोरलीची मान आणि धाकटीचे खांदे

त्या सकाळी बाइंडिंगखान्यात थोरलीला कुणीतरी मागून हाक मारली, तर ती मान न वळवता अख्खीच्या अख्खी वळली, कपाट सरकवल्यासारखी. टेबलाभोवतीच्या बायका फिस्सकन हसल्या.

"अगं बाई, शिडी आज एका तुकड्यात आलीय!" खळवाली म्हणाली. पुस्तकांच्या पाठींना खळ लावणं हे तिचं काम, उंच थोरलीला शिडी म्हणणं ही तिची सवय, आणि ज्याचं जे दुखतं तिथेच बोट ठेवणं हा तिचा छंद.

"रात्री उशी वाकडी झाली," थोरली म्हणाली. उशी वाकडी झाली नव्हती. मान अशी बरेच दिवस धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. आज तिने सोडायचं नाव काढलं नव्हतं, एवढंच.

घरातली मोठी सून म्हणून ती थोरली. तिच्या दिराची बायको ती धाकटी. दोघी जावा घरी एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या आणि इथे एकाच टेबलाला शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. धाकटीला इथे चिकटवून दिली तीही थोरलीनेच. छापखान्यातून छापून येणारे मोठमोठे कागद, त्यांना इथे फर्मे म्हणतात, त्यांच्या घड्या घालायच्या आणि घडी हाडाच्या पट्टीने दाबायची, की पुस्तकाची पानं ओळीने लागतात. ऐकायला सोपं. पण एका पानाच्या आकड्यावर दुसऱ्या पानाचा आकडा नेमका बसला पाहिजे, नाहीतर सगळं पुस्तक तिरकं चालतं. आकड्यावर आकडा बसवायचा तर डोळा कागदाजवळ न्यावा लागतो, आणि डोळा काही एकटा जात नाही, डोक्याला सोबत घेऊन जातो.

थोरलीची घडी नामी. हात लांब, त्यामुळे कागदाचं पलीकडचं टोक तिला न सरकता हाती यायचं. बाकीच्या बायका टेबलावर पोट टेकून जे करायच्या ते ती जागच्या जागी करायची. तिच्या उंचीचा जन्मात कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या फर्म्यांना. बाकी सगळ्यांना तिची अडचणच.

शाळेत ती शेवटच्या बाकावर, कारण पुढे बसली तर मागच्यांना फळा दिसायचा नाही. वयात आली तशी आई म्हणायला लागली, "जरा वाकून चाल गं, लोक खांब समजून दिवा टांगतील." मुलगा बघायला आला तो तिच्या कानापर्यंत. तिला खुर्चीवर बसवूनच दाखवली, आणि लग्नाच्या फोटोतही तीच बसलेली, तो उभा. सासू तोंडाने फटकळ, पण तशी वाईट नव्हती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "उंची काही कापता येत नाही, पण खाली बघून वागता येतं." थोरली खाली बघून वागली. घराचे दरवाजे ठेंगणे. ओटा सासूच्या उंचीचा, सासू गेल्यावरही सासूच्याच उंचीचा. त्या ओट्यावर वर्षानुवर्षं कणीक मळताना थोरलीच्या मानेला वाटायला लागलं असेल की आपली जागा हीच.

सासूने आणखी एक शिस्त लावून ठेवली होती. धाकटी या घरात आली तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं होतं, "घरात काय भांडायचं ते भांडा. पण बाहेरच्यांपुढे थोरलीने एखादी गोष्ट मागितली तर नाही म्हणायचं नाही. घराची शोभा चारचौघांत करायची नाही." धाकटी तोंडाळ होती, पण एवढं तिने पाळलं. मनापासून नसेल, पण पाळलं.

तर त्या सकाळी थोरली अख्खी वळली ते वळली. दुपारी तिच्या उजव्या हातातून हाडाची पट्टी खाली पडली. तिने उचलली. पुन्हा पडली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सुन्न, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. तिने हात झटकला, दुसऱ्या हाताने चोळला, पट्टी घट्ट धरली, तर पट्टी हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना.

त्या वेळी थोरली घाबरली. मान दुखते, ठीक आहे, कुणाची दुखत नाही? पण हात गेला तर घडी गेली, आणि घडी गेली तर या जगात थोरलीजवळ चांगलं असं काय उरलं?

सरकारी दवाखान्यात तिला डॉक्टरांनी बघितलं, मानेचा एक्सरे काढून घेतला, आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. वयाने थोरलीच्या भाचीएवढ्या.

"मावशी, काम काय करता?"

"कागदाच्या घड्या घालते."

"दाखवा कशा घालता."

थोरलीने त्यांच्या टेबलावरचा एक कागद घेतला आणि वाकून घडी घातली. बाई घडीकडे बघतच नव्हत्या. त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मानेच्या मुळाशी अंगठा दाबला. थोरलीच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"दोर वळलाय इथे, दोर," बाई म्हणाल्या. "हे स्नायू तुमचं डोकं तोलून धरतात. डोकं सरळ असलं तर त्यांना फारसं जड नाही. तुम्ही ते दिवसभर पुढे टांगून ठेवता. भरलेली घागर अंगाशी धरा आणि हात लांब करून धरा, जड कधी लागते?"

"लांब धरल्यावर."

"मग झालं तर. बाम चोळता?"

"रोज."

"चोळा, बरं वाटतं तर चोळा. पण त्याने गाठ सुटत नाही."

मग त्यांनी शिकवलं. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर आणि खांद्यांवर ठेवायचा, चटका बसेल इतका गरम नाही. खांदे कानांपर्यंत उचलायचे आणि एकदम सैल सोडून द्यायचे. मग गोल फिरवायचे, सावकाश. हनुवटी आत ओढायची, डोक्याच्या मध्यावरून कुणी वर दोरी ओढतंय असं समजून. एका हाताने खुर्चीची कड धरून कान दुसऱ्या बाजूच्या खांद्याकडे झुकवायचा, ओढ लागली की थांबायचं, हिसका द्यायचा नाही. श्वास कोंडायचा नाही. झोपताना उशी एकच, मानेखालची पोकळी भरेल एवढीच. पालथं झोपायचं नाही. पिशवी एकाच खांद्यावर लटकवायची नाही. आणि काम करता करता दर थोड्या वेळाने डोकं वर करून लांब कुठेतरी बघायचं.

"लांब कुठे? समोर भिंत आहे," थोरली म्हणाली.

"भिंतीकडे बघा. पण वर बघा." मग त्या समोर येऊन बसल्या. "एक खरं सांगू का मावशी? हे सगळं तुम्ही मनापासून केलं आणि ते टेबल तसंच राहिलं, तर रोज संध्याकाळी सोडवलेली गाठ तुम्ही रोज सकाळी पुन्हा बांधणार. उभं राहून काम करणाऱ्याचं टेबल त्याच्या कोपराला आलं पाहिजे. तुमचं कुठे येतं?"

थोरलीने मांडीच्या वरच्या भागावर हात ठेवून दाखवलं.

"टेबल उचलून घ्या. बोटांच्या मुंग्या हलक्यात घेऊ नका. हाताची ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी या."

घरी तिने व्यायाम चालू केले. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की तिथेच बाजूला उभी राहून करायची. देवाला वाकून नमस्कार करतानाही मान दुखायचीच, तिथे काही सवलत नव्हती. पण त्या दुखण्याचं तिला वाईट वाटायचं नाही. ते वाकणं तिचं स्वतःचं होतं.

नवरा चहा पिता पिता बघायचा. हनुवटी आत ओढलेली दिसली की म्हणायचा, "कबुतर उठलं वाटतं."

"कबुतर नाही हो भावोजी, साहेब," धाकटी आतून ओरडायची. "ताई आता मान ताठ करून हिंडणार. आपण सगळ्यांनी बाजूला व्हायचं."

हसण्यावारी जायचं सगळं. टॉवेल गरम करून द्यायला मात्र कुणी उठायचं नाही. तो थोरली स्वतःच पिळायची, त्या सुन्न बोटांनी.

मालकाशी बोलायला तिने दोन दिवस धीर गोळा केला. मालक कापणी यंत्राजवळ उभे होते.

"टेबल जरा उचलून घेता आलं तर बघा ना. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय."

"कुठलं टेबल? हे?" मालकांनी टेबलावर हात ठेवला. "हे माझ्या वडिलांनी करून घेतलेलं आहे. ते इथे उभे राहून स्वतः घड्या घालायचे. त्यांच्या मापाचं आहे. सुताराला हात लावू द्यायचा नाही मी."

आता लक्षात घ्या, मालकांचे वडील जाऊन किती काळ लोटला, आणि त्यांच्यानंतर त्या टेबलाला उभी राहिली ती एकजात बायामाणसं. पण टेबल अजून वडिलांच्याच कोपराला धरून होतं. थोरली त्या कोपरापेक्षा उंच, धाकटी बुटकी. ते टेबल दोघींपैकी एकीचंही नव्हतं. त्या दिवशी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आलं असतं तर पुढचं इतकं कडू झालं नसतं.

"खिळा मारायचा नाही, करवत लावायची नाही," थोरली म्हणाली. "पायांखाली नुसते ठोकळे सारायचे. पुस्तकं दाबायच्या जुन्या शिकंज्याचे पडलेत ना मागे."

मालकांनी डोकं खाजवलं. "टेबल काही तुझ्या एकटीचं नाही. बाकीच्या बायका हो म्हणत असतील तर सारा ठोकळे. माझ्यापर्यंत तक्रार येता कामा नये."

थोरली तशीच टेबलाशी आली. सगळ्या जागेवर होत्या, हात चालू होते. तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"मला काय, मी बसून काम करते," खळवाली म्हणाली. "तुम्ही टेबल छताला टांगा."

बाकीच्या दोघी साधारण मधल्या उंचीच्या. त्या म्हणाल्या, चालेल, थोडं इकडे नि थोडं तिकडे. मग सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. टेबल आताच तिच्या कमरेच्या चांगलं वर येत होतं.

धाकटीने घडीवरून पट्टी ओढली. "कर ना ताई," ती म्हणाली. "तुझं दुखणं थांबू दे. मला काय होतंय?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, लिहून देऊ?"

सगळ्या हसल्या. आणि थोरलीने तो होकार होकार म्हणून घेतला. ज्या घरात दोघी नांदत होत्या त्या घराची शिस्त तिला ठाऊक नव्हती असं नाही. धाकटी चारचौघींत नाही म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. पण मान दुखत असली की माणूस ऐकायचं असतं तेवढंच ऐकतो. घरी गेल्यावर, ओट्यापाशी, दोघीच असताना पुन्हा विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. का नाही विचारलं? कदाचित उत्तर मिळालं असतं म्हणून.

ठोकळे सारले. त्या दिवशी संध्याकाळी थोरली घरी आली आणि दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. नुसती मान वळवत. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं तेही तिला दिसलं. या घरात येऊन तिचे केस पिकायला आले होते आणि समोर गच्ची आहे हे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांत बोटांच्या मुंग्या कमी झाल्या. पट्टी हातात आहे हे न बघता कळायला लागलं. तिने देवाचे आभार मानले आणि व्यायामवाल्या बाईंनाही मनातल्या मनात हात जोडले.

आणि धाकटीचे खांदे वर गेले.

कोपर खाली असताना हात वर ठेवून काम करायचं तर खांदे उचलावेच लागतात. धाकटी सकाळी उचलायची ते संध्याकाळीच खाली ठेवायची. पुढे पुढे तर ते खाली यायचेच बंद झाले. घरी चालतानाही ती थंडी वाजल्यासारखी दिसायची, मान दोन खांद्यांत बुडालेली. बोलणं कमी झालं. ज्या बाईचं तोंड झोपेतही चालायचं ती जेवताना गप्प बसायला लागली. दोरीवर कपडे वाळत घालताना तिने हात वर केला आणि अर्ध्यात खाली घेतला, हे थोरलीने खिडकीतून बघितलं. ओठ घट्ट मिटून तिने ओला शर्ट तसाच पुन्हा बादलीत टाकला.

बघणाऱ्यांत थोरलीइतकं ते दुखणं ओळखणारं कोण होतं? पहिल्या दिवशीच तिने ओळखलं होतं. पण रोज म्हणायची, सवय होईल. आपल्यालाही लोक हेच म्हणत आले, हे तिला आठवायचं नाही असंही नाही.

शेवटी एका रविवारी तिने ओट्यापाशी विषय काढला.

"धाकटे, तुझे खांदे धरलेत."

"धरू देत."

"मी मालकांना सांगून फळी मागते. टेबल आहे तसं राहू दे, तू फळीवर उभी राहा. तुझं कोपरही बरोबर येईल. दोघींचं भागेल."

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मी फळीवर उभी राहू?"

"त्यात काय झालं?"

"त्यात काय झालं! शाळेत चुकलं की बाकावर उभं करायचे, ताई. सगळा वर्ग हसायचा. मी बाकावर उभी राहिले तरी गुरुजी म्हणायचे, आता कुठे ही आमच्याएवढी झाली. आता तू उभी कर. खळवालीला बोलायला तेवढंच पाहिजे."

"अगं, ती मलाही शिडी म्हणते. म्हणेना का."

"शिडी लोक वर चढायला वापरतात. मला लोक पायाखाली काय आलं म्हणून बघतात." धाकटीचा आवाज चिरकला. "टेबल तुझ्यासाठी उचललं. आणि फळी मी घ्यायची. म्हणजे तू माणसाच्या मापाची, आणि मी मापात कमी पडले."

"मी तुला विचारलं होतं," थोरली म्हणाली. "तू हो म्हणालीस."

"चारचौघींसमोर विचारलंस!"

 गप्प बसण्यापेक्षा काहीतरी बोलणं माणसाला सोपं जातं. ती म्हणाली, "माझी मान इतके दिवस दुखत होती तेव्हा तू साहेब साहेब म्हणून हसत होतीस."

"हसले. मग आता तू हास."

दारात नवरा नि दीर दोघे येऊन उभे राहिले. नवरा म्हणाला, "दोन बायकांना मिळून एक टेबल सांभाळता येत नाही." दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही मोठ्या, तुम्ही समजून घ्यायचं." दोघांनी एवढं बोलून आपापली वर्तमानपत्राची पानं उचलली. त्यांच्या माना त्या पानांवर आरामात वाकल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी लवकर निघाली. थोरली पोचली तेव्हा टेबल खाली आलं होतं. ठोकळे भिंतीशी एकावर एक रचून ठेवले होते, कुणीतरी नीटनेटके. मालक म्हणाले, "तक्रार येता कामा नये म्हणालो होतो मी. घरचं घरी निस्तरा. माझ्या वडिलांच्या टेबलावर भांडण नको." धाकटीने वर बघितलं नाही. तिचे हात चालू होते.

"एका फळीचं काम होतं हो," थोरली म्हणाली.

"फळीवरून बाई पडली म्हणजे मग? नको ती भानगड."

खिडकीजवळ कोऱ्या कागदाची रिमं रचलेली असायची. थोरलीने आपले फर्मे उचलले, दोन थप्प्या एकमेकींना भिडवल्या, वरून पुठ्ठा टाकला. ते बरोबर तिच्या कोपराला आलं. तिथे, सगळ्यांकडे पाठ करून, ती घड्या घालायला लागली. मालक येऊन बघून गेले. घड्या सरळ होत्या, गठ्ठे वेळेवर निघत होते. 

"थोरली रुसली," खळवाली म्हणाली. "नवीन संसार थाटला."

मान सुटी राहिली. पण माणसाला मानेशिवायही काही लागतं. पाठीमागे टेबलावर बोलणं चालायचं, एकीच्या मुलीचं, एकीच्या सासऱ्याचं, मध्येच सगळ्या हसायच्या. थोरलीला अर्धंच ऐकू यायचं. वळून विचारावं तर हसणं थांबायचं. आता ती मान वळवू शकत होती, आणि वळवून बघावं असं मागे काही राहिलं नव्हतं. घरी दोघी मिठाबद्दल बोलायच्या, गॅसबद्दल बोलायच्या. तेवढ्यावर घर चालतं. पुष्कळ घरं चालतात.

टेबल खाली येऊनही धाकटीचे खांदे उतरले नाहीत. वर राहायची सवय लागलेले स्नायू टेबल खाली आलं म्हणून आपोआप सैल होत नाहीत, त्यांना शिकवावं लागतं. थोरलीला हे माहीत होतं. एकदा तिने टॉवेल गरम करून आणला आणि धाकटीच्या मागे उभी राहिली.

"खांदे कानाला लाव आणि सोडून दे. बघ कसं हलकं वाटतं."

धाकटीने हात मागे करून टॉवेल तिच्या हातातून घेतला. स्वतःच खांद्यावर टाकला. "तुझे धडे तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली, आणि टॉवेल गार होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसली. खांदे उचलले नाहीत, सोडलेही नाहीत.

देव सगळं बघतो अशी थोरलीची श्रद्धा होती. बघत असेलच. पण कुणाच्या पायाखाली फळी सारायला तो येत नाही. ते काम त्याने माणसांवर सोडलंय, आणि माणसांना आपल्याच अंगाचं पडलेलं असतं. त्यात थोरली स्वतःलाही धरायची.

मग मोठं काम आलं. छापखान्याला कागद कमी पडला आणि त्यांनी माणसं पाठवली. थोरली घडी घालत असतानाच त्यांनी दुसऱ्या टोकाकडून रिमं उचलायला सुरुवात केली. "बाई, जरा सरका," म्हणाले. तिने फर्मे छातीशी घेतले आणि बाजूला झाली. तिचं टेबल तिच्या डोळ्यांदेखत हातगाडीवर चढलं आणि दाराबाहेर गेलं. खिडकीखाली धुळीचा एक चौकोन उरला.

ती मालकांकडे बघत उभी राहिली. मालक फोनवर होते. त्यांनी हातानेच मोठ्या टेबलाकडे खूण केली.

सगळ्यांचे हात थांबले होते. धाकटीने आपला गठ्ठा पोटाशी ओढून घेतला आणि शेजारी जागा केली.

"ये ताई," ती म्हणाली. आवाज अगदी गोड होता, कुणालाही वाटावं या दोघी सख्ख्या बहिणी. "तुझी जागा रिकामीच आहे."

"आली बाई एकदाची," खळवाली म्हणाली. "तुझ्यावाचून या टेबलाला शोभा नव्हती. सगळ्या कशा एकत्र, बरं वाटतं."

आणि खरंच, त्या सगळ्यांना बरं वाटलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. कुणीतरी आपल्या डब्यातलं तिच्यापुढे सरकवलं. जी गोष्ट अर्धी ऐकू आली होती ती कुणीतरी तिच्यासाठी पहिल्यापासून सांगायला घेतली. थोरलीने फर्मा पसरला, आकडा शोधला, आणि वाकली. धाकटीचा खांदा तिच्या दंडाला लागत होता. लाकडासारखा कडक होता. दोघींपैकी कुणीच बाजूला सरकलं नाही, कारण सरकायला जागा नव्हती.

सांगितलं होतं तसं ती मधूनमधून डोकं वर करत होती, हनुवटी आत घेत होती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग पुन्हा खाली. दुपार उतरली तेव्हा उजव्या हाताची बोटं सुन्न झाली. पट्टी सुटून टेबलावर पडली. कुणाचं लक्ष जाण्याआधी तिने ती डाव्या हातात घेतली आणि घडीवरून ओढली.

घडी तिरकी आली. तिच्या हातून तिरकी आलेली ती पहिलीच. धाकटीने ती पाहिली. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिने आपली घडी उचलली, तिरकी झाकली जाईल अशी त्या घडीवर ठेवली आणि पुढचा कागद घेतला.